‘तुम्ही म्हणाल तसं’ हा होकार नव्हे

वाचकाचे पत्र

मी ऐरोलीत राहतो आणि रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत देखभाल विभागात काम करतो. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात असून माझे चुलते मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. १९९४ मध्ये मीही भरतीला उतरलो होतो. पळण्यात निघालो, परंतु उभे राहिल्यावर गुडघे एकमेकांना लागतात म्हणून मेडिकलमधून बाहेर पडलो. माझा मुलगा आता अठरा वर्षांचा आहे. बारावीला वाणिज्य शाखेत त्याला ६४ टक्के मिळाले. प्रकृतीने धडधाकट आहे, व्यसन नाही, परंतु दहा वाजल्याशिवाय अंथरूण सोडत नाही आणि हातातला मोबाइल सुटत नाही. त्याने अग्निवीर म्हणून चार वर्षे लष्करी प्रशिक्षण घ्यावे, त्याला शिस्त लागेल, परतताना अकरा-बारा लाख रुपये हाती येतील आणि मग पुढे हवे ते करता येईल, असे मला वाटते. त्याला विचारले की तो ‘तुम्ही म्हणाल तसं’ एवढेच म्हणतो. पत्नीचे म्हणणे, आधी पदवी होऊ द्या. इस्रायलसारखे आपल्याकडेही बारावीनंतर प्रत्येक मुलाला दोन वर्षे लष्करी प्रशिक्षण सक्तीचे करावे, असेही माझे मत आहे. तुमचे मत स्पष्ट लिहावे.

एक वाचक, ऐरोली

उत्तर

स.न.वि.वि.

तुम्ही स्पष्ट मत मागितले आहे, म्हणून ते आधीच लिहितो. तुमच्या मुलाने यंदा अग्निवीर भरतीला उतरू नये असे मला वाटते. ठाण्याच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवत असताना सोळा वर्षे मी एनसीसीचे, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेनेचे, काम पाहिले. बारावीनंतरची दोन-तीन वर्षे गणवेशात काढल्याने मुले-मुली किती बदलतात हे मी इतक्या वेळा जवळून पाहिले आहे, की लष्करी प्रशिक्षणाविरुद्ध बोलणे मला जमणारच नाही. माझा आक्षेप तुमच्या कारणाला आणि तुमच्या घाईला आहे.

पहिली गोष्ट शब्दाची. तुम्ही ‘चार वर्षे लष्करी प्रशिक्षण’ असे लिहिले आहे. अग्निवीर म्हणून भरती होणे ही सैन्यातील सेवा आहे. प्रशिक्षण हा तिचा सुरुवातीचा भाग. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, तोफखान्यासाठी नाशिक रोड, चिलखती दलासाठी अहिल्यानगर, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी अशा केंद्रांत सुमारे सहा महिने प्रशिक्षण होते आणि त्यानंतरची साडेतीन वर्षे तो मुलगा पलटणीबरोबर, पलटण जिथे असेल तिथे असतो. ती सियाचिनमध्ये असू शकते, नियंत्रण रेषेवर असू शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील अग्निवीर अक्षय गवते यांना सियाचिनमध्ये कर्तव्यावर असतानाच वीरमरण आले. हे मी तुम्हाला भीती घालण्यासाठी लिहीत नाही. सुभेदारांच्या घरातील माणसाला ती घालण्याचे कारणही नाही. परंतु मोबाइल सुटावा आणि सकाळी लवकर जाग यावी एवढ्यासाठी ज्या ठिकाणी मुलाला पाठवायचे, ते ठिकाण देशाने कशासाठी उभे केले आहे याचा विचार तुमच्या पत्रात कुठेही आला नाही, याने मला अस्वस्थ केले.

आता पैशाचे पाहू, कारण अकरा-बारा लाखांचा आकडा सध्या अनेक घरांत फिरतो आहे. जून २०२२ मध्ये योजना जाहीर झाली तेव्हा ठरलेल्या रचनेनुसार पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये वेतन, त्यातील ३० टक्के म्हणजे ९,००० रुपये सेवा निधीत कापले जाणार आणि २१,००० हातात येणार. चौथ्या वर्षी ४०,००० वेतन आणि २८,००० हातात. कापलेल्या रकमेइतकीच रक्कम सरकार घालते आणि व्याजासह चार वर्षांच्या शेवटी सुमारे ११.७१ लाख रुपये करमुक्त मिळतात. म्हणजे त्या रकमेतील जवळपास अर्धा भाग हा मुलाच्या स्वतःच्या पगारातून साठलेला असतो. निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) नाही. सेवाकाळात ४८ लाखांचे विमासंरक्षण आहे आणि त्याचा हप्ता मुलाला भरावा लागत नाही, ही चांगली तरतूद आहे. चार वर्षांनंतर एका तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम सेवेत घेतले जातात; उरलेले बाविशी-तेविशीत घरी परततात. ऐरोलीत अकरा-बारा लाखांत एका खोलीचेही घर येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा ही रक्कम म्हणजे आयुष्याची सोय नसून पुढची एक-दोन वर्षे निभावण्याचा आधार आहे, असे धरून चाला. सेवेत असताना इग्नू या मुक्त विद्यापीठामार्फत पदवी घेण्याची सोय आहे आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी काही जागा राखीव आहेत. जो मुलगा या दोन्हींचा विचार पहिल्या दिवसापासून करतो त्याची चार वर्षे वाया जात नाहीत. विचार न करता गेलेला मुलगा मात्र बारावीच्याच गुणपत्रिकेसह परत येतो, आणि तोपर्यंत त्याचे वर्गमित्र पदवी घेऊन कामाला लागलेले असतात.

आणखी एक नियम आहे, जो पुष्कळ पालकांना ठाऊक नसतो. स्वतःच्या इच्छेने मध्येच सेवा सोडून येण्याची परवानगी अगदी अपवादात्मक परिस्थितीतच मिळते. महाविद्यालयात शाखा बदलता येते, नोकरीचा राजीनामा देता येतो. येथे तसे नाही. म्हणूनच ‘तुम्ही म्हणाल तसं’ या उत्तरावर ही सही होता कामा नये.

या उत्तराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्रातील खरी अडचण मला तिथेच दिसते.

माझ्याकडे कळव्याचा एक मुलगा होता. रविवारी सकाळी सातच्या फॉल-इनला, म्हणजे परेडसाठी रांगेत उभे राहण्याच्या वेळेला, त्याचे वडील त्याला स्कूटरवरून आणून सोडत आणि परेड संपेपर्यंत फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी उभे राहत. मुलाचा गणवेश इतका नेटका असे की नव्या मुलांना दाखवण्यासाठी मी त्याला रांगेतून पुढे बोलावत असे. बेल्टचे पितळी बक्कल ब्रासोने लखलखलेले, टोपीवरचा बिल्ला डाव्या डोळ्याच्या बरोबर वर, आणि बुटांच्या टोकांत समोर उभ्या असलेल्या माणसाची आकृती दिसावी इतकी चकाकी. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात एका रविवारी तो एकटाच बसने आला. बुटांवर मागच्या आठवड्याचा चिखल वाळून पांढरा पडला होता आणि दोन्ही पायांची अँकलेट, म्हणजे घोट्यावरचे पट्टे, उलटसुलट बांधलेली होती. मी रांगेसमोरच त्याला खडसावले. तो मान खाली घालून म्हणाला, ‘सर, पप्पांना टायफॉइड झालाय. बूट पप्पाच करतात.’

वर्षभर मी ज्या बुटांचे कौतुक करत होतो ते त्याच्या वडिलांनी दर शनिवारी रात्री बसून केलेले होते. त्यांना मी दोष देत नाही. त्यांचे प्रेम त्या बुटांत दिसत होते आणि त्यांची स्वतःची काहीतरी अपुरी राहिलेली इच्छाही त्यात असावी. चूक माझी अधिक होती, कारण इतक्या दिवसांत ‘तुला इथे यावेसे वाटते का’ हा साधा प्रश्न मी त्याला एकदाही विचारला नव्हता. तो मुलगा वाईट नव्हता, आळशी नव्हता, आज्ञाधारक तर इतरांपेक्षा जास्त होता. ‘बी’ प्रमाणपत्र मिळवून तिसऱ्या वर्षी त्याने एनसीसी सोडली.

तुमच्या पत्रात १९९४ ची गोष्ट एकाच वाक्यात आली आहे. पळण्यात निघूनही मेडिकलमधून परत येणे काय असते, हे ज्याने भोगले त्यालाच कळते, आणि तीस वर्षे ते मनात राहिले असेल तर त्यात कमीपणा काही नाही. माझी विनंती इतकीच आहे की ती इच्छा तुमची आहे, हे तुमच्या तोंडून एकदा मुलाला कळू द्या. ‘मला जायचे होते, मला जाता आले नाही, म्हणून मला वाटते की तू जावेस’ असे बापाने सरळ सांगितले तर मुलगा सरळ उत्तर देऊ शकतो. ‘तुला शिस्त लागावी म्हणून जा’ असे म्हटले की त्याला आपण नापास झालो आहोत आणि ही आपली शिक्षा आहे असे वाटते. मग तो ‘तुम्ही म्हणाल तसं’ याशिवाय दुसरे काय म्हणणार?

शिस्तीबद्दलचा माझा अनुभवही सांगतो. एनसीसीच्या दहा दिवसांच्या वार्षिक शिबिरात झाडून सगळी मुले पहाटे पाचला उठतात, कारण शिट्टी वाजते आणि तंबूत पडून राहता येत नाही. शिबिर संपल्यावर स्वतःहून आलेली मुले पुढेही लवकर उठत राहिली. घरच्यांनी ढकललेली मुले आठवड्याच्या आत पुन्हा दहावर आली, असे मी अनेकदा पाहिले. प्रशिक्षणातून जे खरोखर मिळते ते वेळेवर उठण्यापेक्षा मोठे आहे. जेवणाच्या वेळी स्वयंपाकाच्या तंबूतून वरणाची मोठी डेग रांगेपर्यंत आणायची असते. कड्यांतून बांबू घालायचा, एकाने पुढे धरायचे आणि एकाने मागे. एकदा पुढे नौपाड्याचा एक मुलगा होता आणि मागे मुंब्र्याचा. दोघे एकाच वर्गात असूनही वर्षभरात एकमेकांशी बोललेले नव्हते. पावले जुळली नाहीत की वरण सांडते, आणि सांडलेले वरण ऐंशी मुलांच्या ताटातून कमी होते. पहिल्या दिवशी दोघांनी एकमेकांवर आवाज चढवला. तिसऱ्या दिवशी मागचा मुलगा हलक्या आवाजात ‘बाएँ, दाहिने’ म्हणत होता आणि पुढचा त्यावर चालत होता. घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलातील मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा शौचालय साफ केले ते फटीगच्या, म्हणजे शिबिरातील साफसफाईसारख्या कामांच्या, पाळीत. हे सारे घरात शिकवता येत नाही आणि वर्गात तर नाहीच. म्हणून मी आजही भेटेल त्या पालकाला एनसीसीबद्दल सांगत असतो.

यावर तुम्ही म्हणाल, मग हे सगळ्यांनाच सक्तीचे का नको? तुमच्या प्रश्नाला घटनेची आडकाठी नाही. अनुच्छेद २३ नुसार धर्म, वंश, जात किंवा वर्ग असा भेद न करता राज्याला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावता येते, आणि मूलभूत कर्तव्यांतही हाक आल्यावर देशाचे रक्षण करणे व राष्ट्रसेवा बजावणे हे नोंदलेले आहे. मात्र आपण हा प्रयोग एका प्रकारे करून पाहिला आहे. १९४८ मध्ये सुरू झालेली एनसीसी १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये महाविद्यालयांत सक्तीची करण्यात आली आणि १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. माझे थोरले बंधू त्या काळात महाविद्यालयात होते. ते सांगत, ‘मैदानावर इतकी मुलं असायची की मागच्या रांगेला हुकूम ऐकूच यायचा नाही, पुढचा वळला की आम्ही वळायचो.’ हजेरी लागत होती, प्रशिक्षण होत नव्हते. मला स्वतःला जे काही शिकवता आले ते मी मोजक्या मुलांना शिकवले, आणि ती मुले निवड होऊन, आपल्या पायांनी आलेली होती.

इस्रायल, दक्षिण कोरिया, सिंगापूर यांची उदाहरणे आपल्याकडे नेहमी दिली जातात. हे लोकसंख्येने आपल्यापेक्षा फार लहान देश आहेत, आणि तेथील सक्ती त्यांच्या सीमेवरील परिस्थितीतून आलेली आहे. सिंगापूरने ती १९६७ मध्ये, स्वतंत्र झाल्यानंतर दोनच वर्षांनी आणली, कारण त्या देशाकडे स्वतःचे म्हणावे असे सैन्य जवळपास नव्हते. जर्मनीने २०११ मध्ये सक्ती स्थगित केली. स्वीडनने २०१० मध्ये थांबवलेली भरती काही वर्षांनी पुन्हा सुरू केली. प्रत्येक देश आपली गरज पाहून ठरवतो. आपल्याकडे दरवर्षी कोट्यवधी मुले-मुली अठरा वर्षांची होतात आणि आपले भूदल बारा लाखांच्या आसपास आहे. सगळ्यांना दोन वर्षे घ्यायचे म्हटले तर सैन्याला सीमा सोडून शाळाच चालवावी लागेल. शिवाय आपली परंपरा स्वेच्छेने जाण्याची आहे. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांहून अधिक भारतीय सैनिक होते आणि त्यांपैकी कोणालाही सक्तीने नेलेले नव्हते. पोट भरण्याची गरज अनेकांना होती, हे मान्य. परंतु ठरवणारे तेच होते.

मला सक्तीपेक्षा वेगळी गोष्ट हवी आहे. एनसीसीसाठी माझ्याकडे दरवर्षी जागांपेक्षा कितीतरी अधिक मुले येत आणि निम्म्याहून अधिकांना मी परत पाठवत असे. पळून दमलेली, घामाने भिजलेली ती मुले ‘सर, पुढच्या वर्षी घ्याल का?’ असे विचारत उभी राहत, तेव्हा मला खरोखर वाईट वाटे. ज्यांना यायचे आहे त्यांना आधी जागा द्या. नको म्हणणाऱ्यांना ओढून आणण्याचा विचार त्यानंतर करता येईल.

तुमच्या जिल्ह्यातील अपशिंगे गावाचे उदाहरण तुम्हाला ठाऊक असेलच. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले आणि गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा लागला. अशा गावांतील मुले भरतीला जातात तेव्हा त्यांनी लहानपणापासून सुट्टीवर आलेला फौजी पाहिलेला असतो. पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर लिहिलेली त्याची ट्रंक एसटीच्या टपावरून उतरताना पाहिलेली असते, आणि ती ट्रंक परत चढताना आजी पदराने डोळे कसे पुसते हेही पाहिलेले असते. आपण काय स्वीकारतो आहोत याचा त्यांना अंदाज असतो. तुमचा मुलगा ऐरोलीच्या सेक्टरमध्ये वाढला. त्याने सैन्य पाहिले ते मोबाइलच्या पडद्यावर. तेव्हा पहिले काम हे करा, की त्याला गावी चुलत आजोबांकडे चार-पाच दिवस पाठवा, आणि तुम्ही बरोबर जाऊ नका. सुभेदार साहेबांना फोन करून एवढेच सांगा की त्याला भाषण देऊ नका, तो विचारेल ते सांगा. थंडीत पाय कसे जपायचे, रात्रीच्या पहाऱ्यावर वेळ कसा जात नाही, घरच्या लग्नाला सुट्टी न मिळाल्यावर काय वाटते, आणि तरीही निवृत्तीच्या दिवशी रडू का आले, हे त्यांच्याकडून ऐकल्यावर त्याच्या मनात हो किंवा नाही यांपैकी काहीतरी उमटेल.

दुसरे काम पहाटेचे आहे. सैन्यभरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात आणि बीमचे (पुल-अप्सचे) पूर्ण गुण हवे असतील तर ते दहा काढावे लागतात. भरतीची तयारी करणारी मुले ‘सोळाशे मारतो’ असे म्हणतात, ती तुमच्या जवळच्या मैदानावरही पहाटे दिसतील. त्याला म्हणा, आठ आठवडे त्यांच्यात जाऊन बघ. गजर त्यानेच लावायचा, त्यानेच बंद करायचा. तुम्ही हाक मारायची नाही आणि गेला नाही तर बोलायचेही नाही. आठ आठवड्यांनंतर तो पळत असेल, तर तुमच्या घरात एक भरतीचा उमेदवार आहे असे समजा आणि मग त्याच्यामागे पूर्ण ताकदीने उभे राहा. तो तिसऱ्याच दिवशी थांबला, तर त्यालाही उत्तरच माना.

दरम्यान पदवीचा प्रवेश चुकवू नका. तुमच्या पत्नीचे म्हणणे मला योग्य वाटते, आणि त्यात केवळ आईची काळजी आहे असे समजू नका. हिशेबानेही ते बरोबर आहे. अग्निवीर योजनेत वयाची मूळ मर्यादा साडेसतरा ते एकवीस अशी आहे, त्यामुळे अठराव्या वर्षी एक वर्ष थांबल्याने त्याची संधी जात नाही. ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीची अधिकृत जाहिरात मात्र नीट वाचा. बी.कॉम.ला प्रवेश घेताना ज्या महाविद्यालयात एनसीसीचे पथक आहे असेच महाविद्यालय निवडा आणि वर्ग सुरू होताच नावनोंदणीची चौकशी करा, कारण निवड वर्षाच्या सुरुवातीलाच होते. तीन वर्षांत ‘सी’ प्रमाणपत्र मिळते. अग्निवीर भरतीत त्याचे अधिक गुण मिळतात. पदवीला ५० टक्के आणि ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी असेल तर लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीच्या, म्हणजे सैन्याच्या अधिकारी निवड मंडळाच्या, मुलाखतीला जाता येते आणि निवड झाल्यास चेन्नईच्या अकादमीतून अधिकारी होऊन बाहेर पडता येते. नाशिक रोडला राज्य शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे एसएसबीची तयारी मोफत करून घेतली जाते आणि त्यासाठी ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करता येते. सुभेदारांच्या घरातून लेफ्टनंट निघाला तर त्यांना किती आनंद होईल, याचा विचार तुम्हीही करून पाहा.

एनडीएचे, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, थोडक्यात लिहितो. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, भूदलासाठी कोणतीही शाखा चालते, परंतु लेखी परीक्षेत ३०० गुणांचे गणित असते आणि बारावीला गणित न घेतलेल्या मुलाला ते जड जाते. २०२२ पासून मुलीही खडकवासल्याला जात आहेत; ज्या वाचकांच्या मुली आता दहावीत आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे. अग्निवीरमध्ये लिपिक गटासाठी बारावीला एकूण ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५० टक्के लागतात. तुमच्या मुलाचे एकूण गुण त्यात बसतात, त्यामुळे गुणपत्रिकेतील प्रत्येक विषय तपासून पाहा. वाणिज्यच्या मुलांना हा गट बहुधा माहीतच नसतो. टॅटू काढायचा विचार असेल तर त्याला आत्ताच थांबवा, कारण तो कुठे असावा याचे कडक नियम आहेत.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. भरती पूर्णपणे गुणांवर होते, आधी संगणकावर लेखी परीक्षा आणि नंतर मैदान व मेडिकल, आणि तिच्यासाठी कोणालाही पैसे द्यायचे नसतात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी ‘आतून ओळख आहे’ म्हणणाऱ्या एका माणसाला पतपेढीचे कर्ज काढून दोन लाख रुपये दिले होते. मुलगा भरती झाला नाही, माणूस परत दिसला नाही आणि कर्जाचे हप्ते त्या मुलाने पुढे दुकानात काम करून फेडले. २०२२ मध्ये मुंब्र्याजवळ कौसा येथील क्रीडासंकुलात अग्निवीर भरतीचा मेळावा झाला होता. असे मेळावे जवळ आले की फोन सुरू होतात. तसा फोन आला तर तो ठेवून द्या.

आता शेवटचे. सैनिक कल्याण कार्यालयात आणि महाविद्यालयात चौकशीला तुम्ही जाऊ नका, त्याला जाऊ द्या. ऐरोलीहून ठाणे गाडीने थोड्याच मिनिटांवर आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अधिवासाचा दाखला आणि एक वही घेऊन तो एकटा गेला, चार माणसांना विचारून परत आला, आणि रात्री जेवताना त्याने तुम्हाला काय काय कळले ते सांगितले, तर मध्ये न बोलता ऐका. आणि या सदराला पुढचे पत्र त्याला स्वतःला लिहावेसे वाटले, तर त्याच्या प्रत्येक प्रश्नाला मी उत्तर देईन, हे त्याला माझ्या वतीने जरूर सांगा.

आपला स्नेहांकित